अनेक नेटवर्क कार्डे असलेल्या सर्व्हरवरील मार्गनिर्धारण

एकाच सर्व्हरला दोन किंवा अधिक नेटवर्क कार्डे जोडलेली असतात आणि प्रत्येक कार्ड वेगळ्या नेटवर्कशी संलग्न असते, तेव्हा त्या सर्व्हरला मल्टिहोम्ड सर्व्हर असे म्हणतात. अशा सर्व्हरवर बाहेर जाणारे प्रत्येक पॅकेट कोणत्या कार्डातून आणि कोणत्या गेटवेकडे पाठवायचे, हे ठरवण्याच्या प्रक्रियेस मार्गनिर्धारण किंवा राउटिंग ही संज्ञा आहे. एक कार्ड असताना हा निर्णय जवळजवळ आपोआप होतो. दुसरे कार्ड जोडले की निर्णयाला पर्याय निर्माण होतात आणि चुकीला वाव मिळतो. या चुकांचे वैशिष्ट्य असे की त्यांत सर्व्हर बंद पडत नाही, कार्डावरील दिवे लुकलुकत राहतात, शेजारच्या संगणकावरून सेवा व्यवस्थित मिळते; मात्र दूरचा ग्राहक उत्तराची वाट पाहत राहतो.

प्रस्तुत लेखात मुख्यत्वे लिनक्स प्रणालीचा विचार केला आहे. आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या असून प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात.

अनेक कार्डे वापरण्याची कारणे

सर्व्हरला एकाहून अधिक कार्डे देण्यामागे सामान्यतः चार हेतू असतात. पहिला, दोन वेगळ्या सेवापुरवठादारांकडून इंटरनेट घेणे, जेणेकरून एक जोडणी तुटली तरी दुसरी चालू राहील. दुसरा, ग्राहकांची वाहतूक आणि व्यवस्थापनाची वाहतूक वेगळी ठेवणे. तिसरा, साठवण यंत्रणा किंवा बॅकअप यांसाठी स्वतंत्र नेटवर्क राखणे. चौथा, अंतर्गत व बाह्य नेटवर्कच्या सीमेवर सर्व्हर उभा करणे.

केवळ वेग वाढवण्यासाठी एकाच नेटवर्कमध्ये दोन कार्डांना दोन स्वतंत्र पत्ते देण्याची प्रथाही आढळते. तिच्यातून लाभापेक्षा गोंधळच अधिक होतो. त्या कामासाठी दोन कार्डांची एकत्र मोट बांधणे, म्हणजेच बाँडिंग, हा योग्य मार्ग आहे. त्याचे मानक २००० साली ८०२.३एडी या नावाने आले व २००८ साली ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली हलवण्यात आले.

सबल आणि दुर्बल यजमान

इंटरनेटवरील संगणकांनी कसे वागावे याचे नियम सांगणारा आरएफसी ११२२ हा दस्तऐवज ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. अनेक कार्डे असलेल्या यजमान संगणकाची दोन प्रतिमाने त्यात चर्चिली आहेत.

सबल प्रतिमानात पत्ता हा कार्डाचा मानला जातो. ज्या कार्डाचा पत्ता, त्याच कार्डावर त्याची पॅकेटे स्वीकारायची आणि त्याच कार्डातून उत्तर पाठवायचे. दुर्बल प्रतिमानात पत्ता हा संपूर्ण संगणकाचा मानला जातो. पॅकेट कोणत्याही कार्डावर आले तरी ते स्वीकारले जाते आणि उत्तर कोणत्या कार्डातून जाईल हे केवळ गंतव्य पत्त्यावरून ठरते.

लिनक्सचे मूळ वर्तन दुर्बल प्रतिमानाचे आहे. विंडोज प्रणालीने व्हिस्टा व सर्व्हर २००८ या आवृत्त्यांपासून सबल प्रतिमान स्वीकारले. त्यापूर्वीच्या आवृत्त्या दुर्बल प्रतिमानाने चालत. त्यामुळे एका प्रणालीवर मिळवलेला अनुभव दुसरीवर जसाच्या तसा लागू पडत नाही.

येथे दोन दारांच्या वाड्याचा दृष्टान्त उपयोगी पडतो. पाहुणा परसदाराने आत आला, पण यजमानाने त्याला निरोप देताना सवयीने पुढच्या दाराने बाहेर सोडले. पुढच्या दारावरील राखणदाराने त्याला आत येताना पाहिलेलेच नाही. तो त्याला अडवतो. यजमानाची वागणूक सरळ आहे, राखणदाराचीही चूक नाही. दोष आहे तो दोन दारांचा हिशेब एकत्र न ठेवण्यात.

मार्गसारणी

सर्व्हरला ठाऊक असलेले सर्व मार्ग मार्गसारणीत नोंदवलेले असतात. ती ‘आयपी रूट’ या आज्ञेने पाहता येते. तिचे वाचन करताना तीन नियम ध्यानात ठेवावे लागतात.

१. सर्वांत नेमका मार्ग जिंकतो. सारणीत १०.०.०.०/८ आणि १०.२०.०.०/१६ असे दोन मार्ग असतील, तर १०.२०.५.९ या पत्त्याकडे जाणारे पॅकेट दुसऱ्या मार्गाने जाते, कारण त्याचा उपसर्ग अधिक लांब आहे.

२. उपसर्ग सारखा असल्यास मेट्रिक पाहिले जाते. ज्याचा अंक लहान, त्या मार्गाला प्राधान्य मिळते.

३. कोणताच नेमका मार्ग न सापडल्यास पॅकेट डीफॉल्ट मार्गाने, म्हणजे नेमून दिलेल्या गेटवेकडे जाते.

या तिन्ही नियमांत पॅकेट कोणत्या पत्त्यावरून निघाले याचा उल्लेख नाही. बहुसंख्य मार्गदोषांचे मूळ याच ठिकाणी आहे. दोन कार्डांना दोन गेटवे दिले म्हणजे प्रत्येक कार्ड आपापला गेटवे वापरील, अशी स्वाभाविक समजूत असते. वस्तुतः लहान मेट्रिकचा एकच डीफॉल्ट मार्ग वापरला जातो आणि दुसरा केवळ नोंदीपुरता उरतो. दोन्ही कार्डे डीएचसीपीकडून पत्ता घेत असतील, तर असे दोन डीफॉल्ट मार्ग कोणाच्याही नकळत तयार होतात. शिवाय दुसरा मार्ग राखीव म्हणून पुरेसा नसतो. केबल निघाली तर पहिला मार्ग बाजूला पडतो, पण गेटवेच्या पलीकडे जोडणी तुटली तर सर्व्हरला त्याचा पत्ता लागत नाही आणि तो पॅकेटे त्याच वाटेने पाठवत राहतो.

एक सविस्तर उदाहरण

पुढील पत्ते दस्तऐवजांतील उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतील आहेत.

• पहिले कार्ड, एथ०: पत्ता १९२.०.२.१०/२४, गेटवे १९२.०.२.१
• दुसरे कार्ड, एथ१: पत्ता २०३.०.११३.१०/२४, गेटवे २०३.०.११३.१
• डीफॉल्ट मार्ग: एथ० वरून १९२.०.२.१ कडे
• दूरचा ग्राहक: १९८.५१.१००.७

ग्राहक २०३.०.११३.१० या पत्त्यावर जोडणीची विनंती पाठवतो. ती दुसऱ्या पुरवठादाराच्या नेटवर्कमधून एथ१ वर येऊन पोचते. यापुढे दोन शक्यता संभवतात.

पहिली शक्यता अशी की लिनक्समधील ‘आरपी फिल्टर’ ही उलट मार्गाची तपासणी कडक स्थितीत आहे. कर्नल स्वतःला विचारतो की या ग्राहकाकडे परत जायचे झाल्यास वाट कोणत्या कार्डातून आहे. सारणी सांगते, एथ० मधून. पॅकेट तर एथ१ वर आले आहे. तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असावा असे मानून पॅकेट टाकून दिले जाते. ग्राहकाला कसलाही नकार पाठवला जात नाही.

दुसरी शक्यता अशी की ही तपासणी बंद किंवा शिथिल आहे. मग विनंती सेवेपर्यंत पोचते आणि उत्तर तयार होते. त्यावर प्रेषक म्हणून २०३.०.११३.१० हा पत्ता असतो, पण ते बाहेर पडते एथ० मधून, पहिल्या पुरवठादाराच्या नेटवर्कमध्ये. आपल्या ग्राहकाला दिलेल्या पत्त्यांखेरीज इतर प्रेषक पत्ते असलेली पॅकेटे पुरवठादाराने अडवावीत, अशी शिफारस मे २००० मधील आरएफसी २८२७ मध्ये आहे. ती पाळणारा पुरवठादार हे उत्तर अडवतो. वाटेत जोडण्यांची नोंद ठेवणारी फायरवॉल असल्यास, मूळ विनंती न पाहिल्यामुळे तीही उत्तर फेकून देते.

दोन्ही शक्यतांत ग्राहकाला दिसणारे लक्षण एकच, ते म्हणजे शांतता. मात्र २०३.०.११३.०/२४ या नेटवर्कमधील शेजारच्या संगणकावरून तपासले तर सर्व काही सुरळीत चालते, कारण त्या नेटवर्ककडे जाणारा थेट मार्ग सारणीत आहे. ‘येथून तर चालते’ हे तंत्रज्ञाचे उत्तर आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ ही ग्राहकाची तक्रार, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

निदानाची पद्धत

मार्गदोष शोधताना सेटिंग बदलण्यापूर्वी पुढील क्रमाने माहिती गोळा करणे हितावह ठरते. प्रत्येक पायरीवर शंकेचे क्षेत्र लहान होत जाते.

१. कार्डे आणि पत्ते. ‘आयपी ॲड्रेस’ या आज्ञेने कोणता पत्ता कोणत्या कार्डावर आहे हे पाहावे. नेटवर्क मास्कची लांबी येथेच तपासावी. २४ ऐवजी १६ लिहिले गेले तर दूरची नेटवर्कही शेजारी असल्याचा सर्व्हरचा समज होतो. तो गेटवेकडे न जाता थेट हाक मारतो आणि तिला कोणी ओ देत नाही. ‘आयपी नेबर’ या आज्ञेत अशा नोंदी अपूर्ण किंवा अयशस्वी दिसतात.

२. कार्डांची अदलाबदल. पूर्वी एथ० व एथ१ ही नावे कार्डे सापडण्याच्या क्रमाने मिळत आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती उलटसुलट होऊ शकत. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या १९७व्या आवृत्तीपासून कार्डाच्या जागेवरून स्थिर नाव देण्याची पद्धत आली. तरीही केबल चुकीच्या कार्डात लावली जाण्याची शक्यता उरतेच.

३. नियम आणि सारण्या. ‘आयपी रूल’ आणि ‘आयपी रूट शो टेबल ऑल’ या दोन्ही आज्ञांचे फलित पाहावे. साधी ‘आयपी रूट’ आज्ञा केवळ मुख्य सारणी दाखवते. इतर सारण्यांत दडलेला मार्ग तिच्यात दिसत नाही.

४. कर्नलचा प्रत्यक्ष निर्णय. सारणी वाचून तर्क करण्यापेक्षा कर्नललाच विचारणे अधिक भरवशाचे असते. ‘आयपी रूट गेट १९८.५१.१००.७ फ्रॉम २०३.०.११३.१०’ असे विचारल्यास उत्तर कोणत्या कार्डातून जाईल ते कळते. येणाऱ्या पॅकेटासाठी ‘आयपी रूट गेट २०३.०.११३.१० फ्रॉम १९८.५१.१००.७ आयआयएफ एथ१’ असे विचारावे. त्यावर ‘इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक’ हा संदेश आला, तर उलट मार्गाची तपासणी पॅकेट अडवत आहे असे समजावे.

५. पॅकेटांचे निरीक्षण. ‘टीसीपीडंप’ हे साधन दोन खिडक्यांत दोन्ही कार्डांवर एकाच वेळी चालवावे आणि ग्राहकाला जोडणीचा प्रयत्न करण्यास सांगावे. विनंती एथ१ वर दिसली आणि उत्तर कोठेच दिसले नाही, तर दोष सर्व्हरच्या आत आहे. उत्तर एथ० वर दिसले, तर मार्ग चुकीचा आहे. उत्तर एथ१ वरच दिसले, तर सर्व्हर निर्दोष असून शोध बाहेर घ्यावा. विनंतीच दिसली नाही, तर ती सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही. टीसीपीडंप आत येणारी पॅकेटे फायरवॉल व उलट मार्गाची तपासणी यांच्याआधी पाहते. म्हणून पॅकेट तेथे दिसले याचा अर्थ ते सेवेपर्यंत पोचले, असा घेऊ नये.

६. टाकून दिलेल्या पॅकेटांची गणती. ‘एनस्टॅट’ या आज्ञेत उलट मार्गाच्या तपासणीत बाद झालेल्या पॅकेटांचा स्वतंत्र आकडा मिळतो. प्रत्येक प्रयत्नाबरोबर तो वाढत असेल, तर निदान पक्के झाले.

नेहमी आढळणारे इतर दोष

पत्त्यांच्या गटांची टक्कर. डॉकर हे सॉफ्टवेअर आपल्या अंतर्गत नेटवर्कसाठी सामान्यतः १७२.१७.०.०/१६ हा गट घेते. एखाद्या संस्थेच्या शाखेत हाच गट वापरात असेल, तर डॉकर बसवल्याच्या दिवसापासून त्या शाखेला जाणारी उत्तरे सर्व्हरच्या आतच विरतात. इतर शाखांचे काम चालू राहत असल्याने संशय शाखेच्या जोडणीवर जातो. व्हीपीएन जोडण्यांमुळेही असाच प्रकार घडतो.

एआरपीचा गोंधळ. एकाच नेटवर्कमध्ये दोन कार्डे असताना, एका कार्डाच्या पत्त्याविषयी केलेल्या विचारणेला दुसरे कार्ड उत्तर देऊ शकते. हे दुर्बल प्रतिमानाशी सुसंगत आहे, पण त्यामुळे वाहतूक अपेक्षित नसलेल्या कार्डावर येते. ‘एआरपी इग्नोर’ व ‘एआरपी अनाउन्स’ या सेटिंग्जनी त्यास आळा घालता येतो.

यूडीपी सेवांचा चुकीचा प्रेषक पत्ता. टीसीपी जोडणीत दोन्ही टोकांचे पत्ते प्रारंभीच निश्चित होतात. यूडीपीत तसे नसते. सेवा सर्व पत्त्यांवर मिळून एकच कान लावून बसली असेल, तर उत्तराचा प्रेषक पत्ता मार्गसारणीवरून ठरू शकतो. प्रश्न एका पत्त्याला विचारला आणि उत्तर दुसऱ्याकडून आले, तर ग्राहक ते नाकारतो. बाइंड हा डीएनएस सर्व्हर प्रत्येक पत्त्यावर स्वतंत्रपणे ऐकतो, तो याच कारणास्तव.

पॅकेटच्या आकारातील तफावत. साठवणीच्या नेटवर्कवर कार्डाची एमटीयू ९००० बाइट ठेवली आणि मधल्या स्विचवर ती १५०० राहिली, तर छोटी पॅकेटे जातात व मोठी अडकतात. लॉगिन होते, पण लांबलचक यादी मागवताच पडदा गोठतो. हा दोष मार्गदोषासारखा भासतो. ‘पिंग’ आज्ञेत तुकडे करण्यास मनाई करून १४७२ बाइटांचा मजकूर पाठवल्यास, २८ बाइटांची शीर्षके मिळून बरोबर १५०० बाइटांचे पॅकेट तयार होते. ९००० साठी हाच आकडा ८९७२ असा येतो.

अनवधानाने सुरू राहिलेले अग्रेषण. ‘आयपी फॉरवर्ड’ ही सोय चालू असेल, तर सर्व्हर दोन नेटवर्कमधील राउटर बनतो आणि वेगळी ठेवलेली नेटवर्क त्याच्यामार्फत जोडली जातात. ही सोय मुळात बंद असली पाहिजे, असा आरएफसी ११२२चा दंडक आहे. गरज नसताना ती सुरू ठेवणे हा सुरक्षेचा दोष होय.

धोरणाधारित मार्गनिर्धारण

प्रेषक पत्ता पाहून मार्ग निवडण्याच्या पद्धतीस धोरणाधारित मार्गनिर्धारण म्हणतात. लिनक्समध्ये ही क्षमता जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.२ कर्नलपासून आहे. तीत एकाऐवजी अनेक मार्गसारण्या ठेवता येतात आणि कोणत्या पॅकेटासाठी कोणती सारणी पाहायची, हे नियमांनी ठरते. नियम लहान क्रमांकापासून मोठ्या क्रमांकाकडे तपासले जातात. शून्य क्रमांकाचा नियम स्थानिक सारणीचा, ३२७६६ हा मुख्य सारणीचा आणि ३२७६७ हा डीफॉल्ट सारणीचा असतो.

वरील उदाहरणात १०२ क्रमांकाची नवी सारणी करून पुढील तीन आज्ञा द्याव्या लागतात:

आयपी रूट ॲड २०३.०.११३.०/२४ डेव्ह एथ१ सोर्स २०३.०.११३.१० टेबल १०२
आयपी रूट ॲड डीफॉल्ट व्हाया २०३.०.११३.१ डेव्ह एथ१ टेबल १०२
आयपी रूल ॲड फ्रॉम २०३.०.११३.१० टेबल १०२

पहिल्या दोन आज्ञांत ‘डिव्हाइस’ व ‘सोर्स’ या शब्दांची संक्षिप्त रूपे वापरली जातात. पहिल्या कार्डासाठी १०१ क्रमांकाची सारणी याच धर्तीवर करावी. त्यामुळे पुढे मुख्य सारणीतील डीफॉल्ट मार्ग बदलला तरी दोन्ही पत्त्यांची उत्तरे आपापल्या वाटेने जात राहतात.

उलट मार्गाची तपासणी करताना कर्नल हे नियमही विचारात घेतो. म्हणून नियम योग्य असतील, तर वरील उदाहरणात कडक तपासणी बंद करण्याची गरज पडत नाही. पुष्कळदा मात्र तपासणी बंद करणे हाच उपाय समजला जातो. त्याने विनंती आत येते, उत्तर तरीही चुकीच्या दाराने जाते. तपासणी शिथिल करणे अपरिहार्यच असेल, तर ती पूर्ण बंद करण्यापेक्षा २००९ साली कर्नलमध्ये आलेली सैल स्थिती, म्हणजे २ हे मूल्य, वापरावी. येथे आणखी एक बारकावा आहे. ‘ऑल’साठी दिलेले मूल्य आणि त्या कार्डाचे मूल्य, यांपैकी मोठे मूल्य लागू होते. ‘ऑल’मध्ये १ असताना एकट्या कार्डासाठी ० लिहून काहीही साधत नाही.

मर्यादा

प्रेषक पत्त्यावर आधारित नियम सर्वत्र पुरत नाहीत. कंटेनरमधील सेवेचे उत्तर मार्गनिर्णयाच्या क्षणी कंटेनरचा खासगी पत्ता धारण करून असते. सार्वजनिक पत्ता त्यास नंतर दिला जातो. त्यामुळे नियम लागू होत नाही आणि जोडणीवर खूण करून त्या खुणेनुसार मार्ग निवडावा लागतो. सर्व्हरने स्वतःहून सुरू केलेल्या जोडण्यांना, त्यांचा प्रेषक पत्ता आधीच ठरलेला नसल्यास, मुख्य सारणीच लागू होते.

आयपीव्ही६चे नियम आणि सारण्या स्वतंत्र असतात. आयपीव्ही४साठी केलेली दुरुस्ती त्यांना आपोआप लागू होत नाही. तसेच आयपीव्ही६चे अग्रेषण सुरू केल्यास लिनक्स राउटरकडून येणाऱ्या जाहिराती स्वीकारणे थांबवतो आणि त्यांतून मिळणारा डीफॉल्ट मार्ग नाहीसा होतो. तो हवा असल्यास ‘ॲक्सेप्ट आरए’ या सेटिंगला २ हे मूल्य द्यावे लागते.

दूरस्थ दुरुस्तीतील धोका

मार्गसारणीची दुरुस्ती बहुधा दुरून, त्याच नेटवर्कमधून केली जाते. आपण बसलो ती फांदी तोडण्याचा धोका येथे शब्दशः असतो. डीफॉल्ट मार्ग काढून टाकण्याची आज्ञा दिली आणि नवा मार्ग घालण्यापूर्वीच जोडणी तुटली, तर सर्व्हरपर्यंत प्रत्यक्ष जाण्यावाचून इलाज उरत नाही. यास्तव पुढील पथ्ये पाळली जातात.

• बदलापूर्वी नियम व सर्व सारण्यांची नोंद फाइलमध्ये करून ठेवणे.
• कन्सोल किंवा स्वतंत्र व्यवस्थापन जोडणी चालू असल्याची आधी खात्री करणे.
• ठरावीक मिनिटांनी जुनी स्थिती आपोआप परत आणणारी आज्ञा आधी लावून ठेवणे आणि यश मिळाल्यावर ती रद्द करणे. उबुंटूमधील ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा १२० सेकंदांत संमती न मिळाल्यास बदल मागे घेते.
• जुना मार्ग काढून नवा घालण्याऐवजी ‘रिप्लेस’ या एकाच आज्ञेने बदल करणे.

आज्ञेने केलेले बदल संगणक पुन्हा सुरू होताच पुसले जातात. त्यांना स्थायी रूप देण्यासाठी नेटप्लॅन, नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टिमडी-नेटवर्कडी यांपैकी जी व्यवस्था वापरात असेल, तिच्या फाइलींत नोंद करावी लागते. ही नोंद राहून गेली, तर दोष काही महिन्यांनी, वीज गेल्याच्या एखाद्या रात्री, पुन्हा प्रकट होतो आणि तोवर मूळ दुरुस्ती कोणाच्या स्मरणात उरलेली नसते. म्हणून सर्व्हर एकदा नियोजित वेळी पुन्हा सुरू करून दोन्ही पत्त्यांवर दूरच्या नेटवर्कवरून जोडणी होते की नाही हे पाहिल्यानंतरच दुरुस्ती पूर्ण झाली असे मानले जाते.

हे सुद्धा पहा

• आयपी पत्ता
• राउटर
• फायरवॉल
• आयपीव्ही६
• लिनक्स